चौथ्या दिवशी ताई नसायच्या

भाऊंचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच स्वयंपाकघरात उभी होते. सकाळचे साडेदहा-अकरा झाले असतील. कुवेतच्या अहमदीत त्या दिवशी धूळ उठली होती. खिडकीबाहेर सगळं नारिंगी, समोरच्या रस्त्याची झाडंसुद्धा दिसत नव्हती. दिवसाढवळ्या दिवा लावून मी ताईंसाठी पेज करत होते, कारण आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलात जाताना त्या म्हणाल्या होत्या, "उद्या घरी आले की पेजच दे, दुसरं काही नको." फोनवर भाऊ म्हणाले, "हमीदा, गॅस बंद कर." एवढंच. पुढचं त्यांना बोलता येईना. मी गॅस बंद केला. ओट्यावर ताईंचा फोन ठेवला होता, त्याच्याकडे माझी नजर गेली, आणि मनात पहिला विचार आला तो असा, की आज चौथा दिवस, आज काही पाठवायचं नाही... रडू त्यानंतर आलं. सात आठवडे होऊन गेले, पण त्या विचाराची मला अजून भीती वाटते.

शैलजाताईंबद्दल लिहिणारी मी कोण, तर त्यांच्याकडे सात वर्षं जेवण करणारी बाई. श्रीवर्धनच्या बाजूचं आमचं गाव. तिथल्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले, मग घरी बसवलं, लग्न झालं आणि कुवेतला आले. आमचे हे फहाहीलला एका बकाल्याची गाडी चालवतात, म्हणजे किराणा दुकानाचा माल पोचवतात. पेपरात लिहायची माझी ही पहिलीच वेळ. भाऊंनी सांगितलं म्हणून लिहिते, आणि दुसरं कारण असं, की ताई गेल्यावर माझ्या हातून एक गोष्ट झाली. ती चांगली झाली की गुन्हा झाला, हे मला कळत नव्हतं. गेलेल्या माणसाच्या बाबतीत चूक झाली तर माफी कोणाकडे मागायची? या विचाराने माझी झोप गेली होती. तर ते सगळं सांगते.

ताई पुण्याच्या. त्यांचे यजमान, आमचे भाऊ, तेलाच्या कामातले इंजिनिअर. कुवेतला येण्याआधी दोघं नऊ वर्षं चीनमध्ये होते, समुद्राकाठच्या कुठल्याशा शहरात. इथे आल्यावर ताईंच्या लक्षात आलं, की आपली किती मुलं पंप, व्हॉल्व्ह तपासायला चीनच्या फॅक्टरीत जातात, आणि तिथे बिचारी कशी बावरतात. म्हणून त्यांनी टेबल सुरू केलं. शुक्रवारी दुपारी, जुम्म्याची नमाज झाली की आमचे हे मला अहमदीला सोडायचे. जी मुलं त्या महिन्यात चीनला निघणार असतील ती यायची. ताई त्यांना चीनचं जेवण कसं असतं ते जेवून दाखवायच्या. आणि त्या जेवणात फॅक्टरीचा मालक व्हायचे मी! "हे आपले मिस्टर वांग," ताई ओळख करून द्यायच्या. "आज ओढणी घेतलीय, पण मालक आहेत, जपून बोला." मुलं हसायची. मग ताई डोळे मोठे करायच्या आणि सगळे गप्प.

मी दाराकडे तोंड करून बसायचे, ती मानाची जागा. मी सगळ्यांच्या ताटात वाढत राहायचं, नको म्हटलं तरी. ताट साफ केलं की मी लगेच पुन्हा वाढायचं. असं दोनदा झालं, की मुलगा काकुळतीला यायचा, आणि ताई सांगायच्या, "अरे, थोडं शिल्लक ठेव. सगळं संपवलंस म्हणजे तुझं पोट भरलं नाही, असं ते धरून चालतात. आईने शिकवलेलं ताट पुसून खाणं विमानतळावर ठेवून जा." पेला भिडवताना आपला पेला त्यांच्या पेल्यापेक्षा जरा खाली धरायचा. कार्ड दोन्ही हातांनी घ्यायचं आणि वाचायचं, खिशात कोंबायचं नाही. भेट दिली तर त्यांच्यासमोर उघडायची नाही, आणि भेट म्हणून घड्याळ तर मुळीच न्यायचं नाही. थंड पाणी मागू नका, तिकडे गरम पाणी पितात, स्टेशनात, ऑफिसात गरम पाण्याचे नळ असतात, थर्मास न्या. खिशात कागदी रुमाल ठेवा, सगळ्या संडासात कागद नसतो. पैसे फोनने देतात, तर ती सोय इथूनच करून जा. आपला नेहमीचा मेसेज तिकडे पोचत नाही, त्यांचं ॲप आधी घ्या. हॉटेलचा पत्ता चिनी अक्षरांत लिहिलेला कागद जवळ ठेवा, टॅक्सीवाल्याला इंग्रजी वाचता येईलच असं नाही. पासपोर्टशिवाय आगगाडीत बसता येत नाही. शाकाहारी असाल तर नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, रस्सा हाडांचा असतो. त्यासाठी ताईंनी स्वतःच्या हाताने चिनी चिठ्ठ्या लिहून ठेवल्या होत्या. मी सातवी पास बाई, चीन नकाशात दाखव म्हटलं तर बोट कुठे ठेवायचं ते कळणार नाही, पण त्या देशात जेवायला कसं बसायचं हे मला पाठ होतं. ताई एकदा मला म्हणाल्या, "तू गेलीस ना, तर उपाशी नाही राहणार. तिकडे गावोगाव मुसलमानांची शेवयांची दुकानं आहेत, हिरवी पाटी आणि वर अरबी अक्षरं. सलाम केलास तर आतून सलाम येईल." मला ते इतकं गोड वाटलं, की त्या दिवशी मी घरी जाऊन आमच्या ह्यांना दोनदा सांगितलं.

एक गोष्ट मात्र ताई हसून सांगत नसत. पहिल्या महिन्यात वाढून झाल्यावर हात पुसायला म्हणून मी जेवायच्या दोन्ही काड्या भातात उभ्या खोचून ठेवल्या. ताई ताडकन उठल्या. "काढ! काढ आधी!" मी घाबरून काड्या काढल्या. मुलं निघून गेल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं. म्हणाल्या, "तुला ओरडले, राग मानू नकोस. तिकडे तसा भात गेलेल्या माणसापुढे ठेवतात. आणि मला ते इथे, माझ्या टेबलावर बघवेना." तेव्हा मला कळलं, की ताई हे सगळं नाटक म्हणून करत नव्हत्या. नऊ वर्षं त्या देशात राहून त्यांच्या अंगात ते मुरलं होतं. चार हा आकडा तिकडे अशुभ मानतात, कितीतरी इमारतींत चौथा मजलाच नसतो, तिसऱ्यानंतर एकदम पाचवा. ताईंनीही ते उचललं होतं.

ते कसं, ते सांगते. दोन वर्षांपूर्वी ताईंना दम्यासारखं काही सुरू झालं. डॉक्टर फुप्फुसाचं काही मोठं नाव सांगायचे. वाक्य बोलता बोलता त्या थांबायच्या, श्वास घ्यायच्या, मग पुढचं. मुलं चीनला पोचली की तिकडून फोन करायची, ताईंना प्रत्येकाशी बोलणं झेपेना. मग त्यांनी बऱ्या दिवसांत, थोडं थोडं करून, आपल्या आवाजात निरोप रेकॉर्ड करून ठेवले. प्रवासाच्या पहिल्या दिवसाचा एक, दुसऱ्याचा एक, असे दहा दिवसांचे. इथे दुपारचे बारा म्हणजे तिकडे संध्याकाळचे पाच. जेवणाला निघायच्या आधी मुलाला ताईंचा आवाज ऐकू यायला हवा, म्हणून बाराला पाठवायचं. आणि ते काम माझं. दहा दिवस, पण निरोप नऊ. चौथा त्यांनी केलाच नाही. "चौथ्या दिवशी मी नसते," मुलांना त्या सांगायच्या, "त्या दिवशी ज्याचं त्याने निभवायचं." आणि पाचव्या दिवसाचा निरोप सुरू व्हायचा तो असा: "हं, ऐका. काल मी नव्हते. आज परत आले. घाबरलात की नाही?" पुढे त्यांचं हसणं, मग खोकला, मग श्वास. मुलांना ही मस्करी फार आवडायची. मलाही आवडायची... तेव्हा.

ओंकार हा नाशिकचा मुलगा, पहिल्यांदाच परदेशातून परदेशात निघालेला. शुक्रवारी टेबलावर आला तर घामाघूम. वहीत सगळं लिहून घेत होता. "ताई, माझ्या ताटात बेडूक आला तर?"

"तर त्याला नमस्कार कर आणि बाजूला सरकव."

"आणि वांगसाहेबांनी आग्रह केला तर?"

"वांगसाहेब," ताई माझ्याकडे वळल्या, "याला बेडूक वाढणार का हो तुम्ही?"

मी म्हटलं, "नाही हो, माझ्याकडे भेंडी आहे." तो इतका हसला, की त्याच्या घशात पाणी अडकलं. त्या दुपारी ताई नेहमीपेक्षा कमी बोलल्या, पण त्या मुलावर त्यांचा जीव जडला होता, ते दिसत होतं. तो गेला. पहिला, दुसरा, तिसरा निरोप मी वेळेवर पाठवला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईंना श्वास पुरेना. भाऊ गाडी काढायला गेले तेव्हा त्यांनी आपला फोन माझ्या हातात दिला. "बाराला विसरू नकोस. तो पोरगा एकटा आहे." मी म्हटलं, "ताई, उद्या चौथा आहे." त्यांनी जरा विचार केला. "हो की," म्हणाल्या, "बरं झालं. उद्या काही नाही." माझ्याशी त्या बोलल्या ते हे शेवटचं.

इथे आपल्या हिंदू माणसांना अग्नी द्यायची सोय नाही, गावी न्यावं लागतं. कागदांत तीन दिवस गेले. हॉस्पिटल, वकिलात, विमानाचं ऑफिस, भाऊ नुसते फिरत होते. मी घर सांभाळत होते, येणाऱ्यांना चहा करत होते. दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाचव्या दिवशी, बारा वाजायला आले तेव्हा मी ताईंचा फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले. काय करू? ओंकारला कोणी काही कळवलं नव्हतं. भाऊंनी ऑफिसात सगळ्यांना बजावलं होतं, की पोरगा तिकडे एकटा आहे, आल्यावर सांगू. मी निरोपावर बोट ठेवलं. पाठवायच्या जागी तो वाजायलाच लागला, आणि तोही मोठ्याने. "हं, ऐका. काल मी नव्हते. आज परत आले..." त्या घरात, जिथे आरशावर चादर टाकलेली, जिथे सगळे हळू आवाजात बोलत होते, तिथे ताई हसल्या. मला तो बंद करता येईना. मागे वळून पाहिलं तर दारात भाऊ. हातात कागदांची फाइल, अंगावर धूळ. किती वेळ उभे होते कोण जाणे.

मी म्हटलं, "भाऊ, चुकून... मी बंद करते."

ते म्हणाले, "संपू दे."

निरोप संपला. भाऊ ओट्याला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "पाठव त्याला. रोज पाठव. तिने कामाला लावलंय तुला, मी कोण थांबवणारा?" म्हणून पाचवा गेला, सहावा गेला, सातवा गेला. ताई शवागारात आणि त्यांचा आवाज चीनमध्ये एका मुलाला सांगतोय, की उद्या बाजारात गेलास तर भाव कसा करायचा. त्याची उत्तरं यायची, "थँक यू ताई, आज कामी आलं." ती मी उघडायचे आणि मला थंडी वाजायची, बाहेर एवढं ऊन असताना. सातव्या दिवशी भाऊ ताईंना घेऊन पुण्याला गेले. घराची किल्ली माझ्याकडे.

आठव्या दिवशी साडेअकराला फोन वाजला. ओंकारचा आवाजातला निरोप, धापा टाकत: "ताई, फॅक्टरीच्या मालकांची आई काल वारली. आता सगळे ऑफिसवाले तिकडे चाललेत, मला पण बोलावलंय. अर्ध्या तासात गाडी येते. काय घालू? काय बोलू? पाया पडू का? तुमच्या निरोपांत हे कुठेच नाहीये. ताई, प्लीज लवकर सांगा."

मी भाऊंना फोन लावला, तीन वेळा. लागला नाही. नंतर कळलं, त्याच वेळी पुण्यात ते ताईंना अग्नी देत होते.

आणि मला त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर माहीत होतं. हीच तर अडचण होती. ताईंनी हे टेबलावर कधीच सांगितलं नाही, कामाला जाणाऱ्या माणसाला घाबरवायचं कशाला म्हणून. पण एकदा मेथी निवडताना त्यांनी मला एकटीला सांगितलं होतं, तिकडची शेजारीण गेली तेव्हा त्या कशा गेल्या, काय काय चुकलं. मी उत्तर रेकॉर्ड करायचं बटण दाबलं आणि म्हटलं, "ओंकार, मी हमीदा बोलते." आणि थांबले. पुढे काय? ताई कुठे आहेत, असं तो विचारणार. अर्ध्या तासात त्याला दुसऱ्याच्या मयताला जायचं, आणि मी त्याला हे सांगू? आणि नाही सांगितलं, तर जेवण करणाऱ्या बाईच्या बोलण्यावर तो विसंबेल का? मी ते पुसलं. पुन्हा बटण दाबलं, डोळे मिटले, आणि म्हटलं, "हं, ऐक."

मग मी सगळं सांगितलं. लाल काही घालू नकोस, पांढरा शर्ट असेल तर पांढरा, नाहीतर काळा. बाकीचे पैसे घालून पांढरं पाकीट देतील, तूही दे. पाया पडायचं नाही. फोटोसमोर उभं राहायचं आणि कमरेतून तीनदा वाकायचं, सावकाश. मग घरच्यांकडे वळून एकदा. निघताना 'येतो' म्हणू नकोस, 'पुन्हा भेटू' म्हणू नकोस, आपल्याकडेही अशा घरून निघताना म्हणत नाहीत, तसंच. गोड देतील, ते खोलीवर पोचायच्या आत खा. बोलता बोलता मी थांबत होते, श्वास घेत होते. मला दमा नाही, मला कधी साधा खोकला होत नाही. पण तेव्हा छाती भरून येत होती, आणि ताई जिथे थांबायच्या तिथेच मी थांबत होते. बटण सोडलं, निरोप गेला. मी खाली जमिनीवर बसले. मेलेल्या बाईच्या नावाने मी बोलले होते. कोणी विचारलं तर काय सांगणार?

रात्रीच्या जेवणाआधी त्याचं उत्तर आलं: "ताई, सगळं नीट झालं. मालकांनी माझा हात धरून ठेवला. तुमच्यामुळे." मी ते वाचून फोन कपाटात ठेवला. आठवा निरोप त्या गडबडीत राहूनच गेला. नववा आणि दहावा तेवढे पाठवले आणि नंतर फोनला हात लावला नाही.

तीन आठवड्यांनी भाऊ परत आले. पहिल्याच शुक्रवारी ओंकार आला. त्याला ऑफिसात सगळं कळलं होतं. चेहरा उतरलेला, सोफ्याच्या कडेला बसला. मी चहा घेऊन दारापर्यंत आले, तेव्हा तो भाऊंना म्हणत होता, "सर, क्लिपा कोणी पाठवल्या ते मला कळलं, तुम्हीच पाठवायला सांगितल्या. त्याचं काही नाही. पण ताई ज्या तारखेला गेल्या, त्याच्या चार दिवसांनी मी एक प्रश्न विचारला होता. आणि त्याचं उत्तर आलं." त्याने फोन टेबलावर ठेवला आणि लावला.

"हं, ऐक," ताई म्हणाल्या.

मी खरं सांगते, मला माझा आवाज ऐकू आला नाही. ताईच होत्या. तोच खर्ज, तेच मध्ये थांबणं. भाऊ खुर्चीत पुढे सरकले. ताई गेल्यापासून त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा तसा पाहिला, जसं कोणीतरी दार उघडून दिवा लावावा. "हे... हे कधीचं आहे?" ते विचारत होते, "हे तिने मला कधी ऐकवलं नाही. कधी बोलली ही?" आणि त्या क्षणी मी गप्प राहिले असते, तर त्यांना आयुष्यभर पुरलं असतं.  मला या घराने सात वर्षं भाकरी दिली, परत लिहायला-वाचायला लावलं, माझ्या मुलीची फी भरायच्या वेळी न मागता हात पुढे केला. त्या माणसाच्या तोंडचा हा घास मी काढून घेऊ? पण खोट्यावर त्यांना बसवून ठेवणं, तेही ताईंच्या नावाने... मी ट्रे खाली ठेवला.

"भाऊ, ते मी बोललेय."

 मी सगळं सांगितलं, तुमचा फोन लागला नाही, गाडी यायची होती, मी आधी माझं नाव घेतलं आणि पुसलं. म्हटलं, "मला घालवून द्यायचं असेल तर द्या. पण आधी सांगा, हे पाप आहे का?" भाऊ फोनकडे बघत राहिले. डोळ्यांतला तो दिवा गेला होता. तो मीच घालवला होता. मग ते म्हणाले, "पुन्हा लाव." ओंकारने लावलं. या वेळी ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटाकडे आलं, गोड खोलीवर पोचायच्या आत खा... आणि आवाज थांबला नाही. एक श्वास, आणि मग: "आणि लाल दोरा देतील. बोटाला बांध, आणि खोलीवर जायच्या आत सोडून दे. घरात आणू नकोस."

मी म्हटलं, "हे मी नाही बोलले."

"म्हणजे बाकीचं तू, आणि एवढंच नाही?" भाऊ म्हणाले. त्यांच्या ओठांवर काहीतरी हलल्यासारखं झालं.

"भाऊ, मला माहीतच नाही ते. ताईंनी मला दोऱ्याचं कधी सांगितलं नाही. कसम."

"सांगितलं असेल. मेथी निवडताना अर्धं लक्ष असतं माणसाचं. आणि भेदरलेलं माणूस काय बोललं ते त्याला आठवत नाही." ते समजुतीने म्हणाले. मीही तसंच धरून चालते. दुसरं काय असणार?

पण तेवढ्यात ओंकारने आपला उजवा हात मांडीखाली दडवला. भाऊंनी पाहिलं. "काय रे?" त्याने हात वर काढला. मनगटावर लाल दोरा, तीन वेढे, पक्की गाठ. आंघोळीने जरा फिकट झालेला. "सर, दिला त्यांनी, मी घेतला," तो रडवेला झाला होता. "ताईंनी सांगितलं होतं सोडून दे. पण लाल दोरा आहे, सर... आमच्या घरी तो देवाचा असतो, पूजेला बांधतात. रस्त्यावर कसा टाकणार? पायाखाली आला तर? मग मी हातालाच बांधला. चांगलंच असेल म्हटलं." तीन आठवडे तो मुलगा मयताचा दोरा देवाचा म्हणून घालून फिरत होता, आणि तो घेऊन आमच्या दारातून आत आला होता. मला ओरडावंसं वाटलं, बाहेर जा, आधी बाहेर जा. तो उठलाच होता. "आत्ता टाकून येतो, सर."

"थांब," भाऊ म्हणाले. "का टाकतात, माहीत आहे? आमच्या शेजारणीच्या वेळी हिने मला सांगितलं होतं. दोरा घरात आणला तर गेलेलं माणूस मागोमाग येतं." त्यांनी ओंकारचा हात आपल्या हातात घेतला आणि नखाने ती गाठ सोडवायला बसले. गाठ पाण्याने घट्ट झाली होती. खूप वेळ लागला.  दोरा सुटला तेव्हा भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या वेळी या पोराला उत्तराची गरज होती. उत्तर मिळालं. कोणी दिलं त्याचा हिशोब तू ठेवू नकोस, हमीदा." मग ते उठून स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर मिठाची बरणी आहे, चिनी मातीची, ताई तिकडून घेऊन आल्या होत्या. दोरा त्यांनी तिच्या गळ्याला गुंडाळला आणि मला म्हणाले, "गाठ तू मार. मला नीट जमत नाही."

मी मारली. सैल मारली, दोन बोटं सहज जातील अशी.

मला त्यांनी ठेवून घेतलं आहे. शुक्रवारी मुलं येतात, आता मी ताईंच्या जागी बसते आणि भाऊ मिस्टर वांग होतात. ते फार वाईट वांग आहेत, आग्रहच करत नाहीत. दोऱ्याबिऱ्यावर आमच्या घरात विश्वास नाही, मीही ठेवत नाही. पण बरणी मला रोज उघडावी लागते, मिठाशिवाय जेवण होत नाही. रोज सकाळी मी बघते, तर गाठ घट्ट असते. भाऊ म्हणतात, हात लागून लागून होते तशी. होत असेल.  मीठ घेतलं, झाकण लावलं, की मी ती गाठ पुन्हा थोडी सैल करून ठेवते... ताईंना यायला-जायला अडचण नको.